तीसच्या रकान्यात त्रेसष्ट

या, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीही पुढे या. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. एका मास्तरांनी बँक काढली. तिच्यात छदाम नव्हता, तरी ती चालली, फुगली आणि बुडाली. कशी, ते आज सांगायचं आहे. देवानं सांगणाऱ्याला जीभ दिली, ऐकणाऱ्याला कान दिले. दोन्ही वाया जाऊ नयेत एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

मास्तर म्हणजे कॉलेजातले सर. स्वभावानं गरीब, आवाजानं त्याहून गरीब. विषय 'अर्थव्यवहाराची ओळख'. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो सक्तीचा होता, आणि सक्तीच्या गोष्टीचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा. वर्ग बरोबर कॅन्टीनच्या स्वयंपाकघरावर, त्यामुळे फरशी कायम कोमट. पोट भरलेलं, तळवे शेकलेले, वर सरांचा तो मऊ आवाज. सर फळ्यावर 'मुद्दल' लिहीपर्यंत पहिली मान कलायची आणि 'व्याज' लिहून वळेपर्यंत अख्खा वर्ग निजलेला असायचा. सर तरी मन लावून शिकवायचे. दगडापुढे गाणारे भक्त असतातच की.

सर हंगामी होते. तीन वर्षं हंगामीच. त्यांच्या सौभाग्यवती औषधांच्या दुकानात कामाला होत्या आणि दुकानामागच्याच एका खोलीत दोघांचा संसार होता. डोक्यावर खोक्यांची उतरंड, आणि भाताला खोकल्याच्या औषधाचा वास. कायम झालेल्या मास्तरांना मात्र कॉलेजच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळे, आणि त्यातल्या स्वयंपाकघराला दार होतं.

"मला दुसरं काही नको हो," बायको म्हणायची. "फक्त दार. दाराआड कांदा चिरीन, रडायचं तर एकटी रडेन. इथे कांदा चिरला तरी दुकानातली गिऱ्हाइकं विचारतात, काय झालं ताई?"

त्या वर्षी प्राचार्यबाईंनी सरांना बोलावून घेतलं. बाई कडक, पण तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सर, यंदा माझ्याकडे एक कायम जागा आहे. पण तुमच्या वर्गावरून जाताना मला घोरणं ऐकू येतं. जागी मुलं दाखवा, चांगला निकाल दाखवा, पत्र काढते."

सर घरी आले ते विचार करत. निकाल एक वेळ लावता येईल; पण जाग? ती आणायची कुठून? आणि मंडळी, गरीब माणसाला एकदा कल्पना सुचली की ती साधी नसते.

दुसऱ्या दिवशी सरांनी डस्टर टेबलावर आपटला.

"आजपासून मी बँक."

चार डोळे उघडले.

"दर आठवड्याला एक स्वाध्याय, त्याचे दोन गुण. सत्र पंधरा आठवड्यांचं, गुणपत्रकातला रकाना तीसचा. बरोबर? आता हे गुण तुम्ही लगेच नेऊ शकता, नाहीतर माझ्याकडे ठेवा. ठेवलेत तर आठवड्याला दहा टक्के व्याज. आणि व्याजावरही व्याज."

"म्हणजे काही न करता गुण वाढणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"वाढणार."

"झोपेतसुद्धा?"

"झोपेतसुद्धा."

"मग सर, आम्ही इतके दिवस तेच करतोय, आमचे का नाही वाढले?"

वर्ग हसला, आणि हसला म्हणजे जागा झाला. ज्यांना गुण कमी पडतील त्यांना कर्जही मिळेल, असं सरांनी सांगितलं. पंधरा टक्के व्याजानं घ्यायचं, जास्तीचे स्वाध्याय लिहून फेडायचं. "दहानं घ्यायचं, पंधरानं द्यायचं. मधलं ते बँकेचं. हाच बँकेचा धंदा," असं म्हणून सरांनी खडूचे हात झटकले. तीन वर्षांत पहिल्यांदाच मुलांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बघता बघता वर्गाचा कायापालट झाला. सगळ्यांनी ठेवी ठेवल्या. कॅन्टीनमध्ये पोरं एकमेकांना दटावू लागली, "मुद्दल मोडू नकोस रे, जीव गेला तरी मोडू नकोस." एका मुलीनं एका मुलाला नकार दिला, कारण तो दर आठवड्याला दोनपैकी एकच गुण आणायचा आणि 'असल्या माणसाचं पुढे काय होणार' हे तिला सूत्रानं कळलं होतं. प्राचार्यबाई एकदा दाराशी थांबल्या. आत मुलं व्याजाच्या गणितावरून हमरीतुमरीवर आली होती. बाईंना भरून आलं. म्हणाल्या, "असंच चालू द्या, सर." त्या संध्याकाळी बायको कॉलेजमागचं रिकामं घर बघून आली, आणि येताना स्वयंपाकघराचं दार वितीनं मोजून आली.

आता या वर्गात दोन जीव असे होते, की ज्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

एक पैलवान. आडदांड पोरगा, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण जन्मात लागलं नाही. भल्या पहाटे बर्फाच्या कारखान्यात लाद्या उतरवायचा आणि तिथून थेट कॉलेजात येऊन शेवटच्या बाकावर आडवा व्हायचा. स्वाध्याय लिहिणार कधी? पण त्याची फी निम्मी माफ होती, आणि सत्राच्या मध्यावर बारा गुण नसतील तर ती माफी जाणार होती. तो सरांपुढे येऊन उभा राहिला.

"सर, बारा पाहिजेत."

"फेडणार कसे?"

"लिहून."

"कधी?"

"बघतो, सर."

आपल्या पहिल्या आणि एकुलत्या कर्जदाराची बँकेनं याहून जास्त चौकशी केली नाही. ऑफिसचा एकच नियम होता: गुणामागे लिहिलेला कागद हवा, गठ्ठा बांधून गुणांसोबत यायला हवा. सरांनी इतरांच्या ठेवीतले कागद पैलवानाच्या नावापुढे जोडले. ऑफिसनं गठ्ठा मोजला, नावं काही बघितली नाहीत. माफी वाचली. सरांनाही बरं वाटलं. परोपकार झाला आणि वर्गाला कर्जाचा धडाही मिळाला. एका कामात दोन पुण्यं म्हटल्यावर माणूस जरा बेसावध होतोच.

दुसरी म्हणजे छत्री. आभाळ कितीही निरभ्र असो, हिच्या काखेत छत्री असायची. वर्गात शंका आली की हात वर करायच्या ऐवजी ती छत्रीच वर करी. त्या दिवशी सर मोठ्या रंगात आले होते. दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकत गेलं तर शेवटी किती होते, याचं सूत्र त्यांनी फळ्यावर मांडलं, मागे सरून एखाद्या चित्राकडे बघावं तसं बघितलं, आणि इतक्यात छत्री वर आली.

"सर, तुमच्या सूत्रात मी माझे आकडे घातले. पंधरा आठवडे, दर वेळी दोन. शेवटी त्रेसष्ट येतात."

"शाबास! अगदी बरोबर!"

"पण रकाना तीसचा आहे."

खाली कॅन्टीनमध्ये कुणाचा तरी झारा पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. सर फळ्याकडे वळले. हेच गणित त्यांनी तीन वर्षं शिकवलं होतं. पण शिकवताना ते कायम गणिताच्या बाहेर उभे असत. आज पहिल्यांदाच आत सापडले होते. ज्यानं वर्गाला चक्रवाढीची महती गाऊन सांगितली, त्यालाच वाटत होतं, आपल्या बँकेत व्याज वाढून वाढून वाढणार किती?

"आजच माझे सदतीस झालेत, सर," छत्री म्हणाली. "मला आत्ता द्या. तीसच द्या. सात तुम्हाला सोडले."

"अगं, घाई कशाला? बँक भक्कम आहे."

हे वाक्य सरांनी उच्चारायला नको होतं. बँक भक्कम आहे असं ज्या क्षणी बँकवाला म्हणतो, त्या क्षणापर्यंत कुणाच्या मनात शंकाही नसते. तास सुटला आणि शिक्षकांच्या खोलीपासून जिन्यापर्यंत रांग लागली.

"सर, माझं आधी बघा, माझी बस जाईल."

"बसचं काय सांगतोस? मी सकाळपासून उपाशी आहे."

"सर, मला सगळे नकोत, पंचवीस दिलेत तरी चालतील."

"मला वीस द्या, पण आत्ता द्या!"

"ए, भाव पाडू नकोस!"

शेवटी छत्रीनंच मुद्द्याला हात घातला. "सर, आमचे गुण आहेत तरी कुठे?"

"कर्जाऊ दिलेत."

"कुणाला?"

सरांची नजर समोरच्या वर्गाच्या उघड्या दाराकडे गेली आणि तिच्यामागे सगळ्यांची गेली. शेवटच्या बाकावर वर्गाची सगळी संपत्ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

तिथून पुढे जे झालं ते बघून देवालाही हसू आलं असेल. आजवर ज्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्या पैलवानाची अशी बडदास्त सुरू झाली की विचारू नका. एकजण गरम दूध आणायचा, दुसरा पेनात शाई भरून द्यायचा. "उठवू नका रे, ताजातवाना होऊन लिहील," असं एका गटाचं मत, "आधी उठवा, कर्ज दुप्पट झालंय!" असं दुसऱ्याचं. त्याला शिंक आली तरी पाच-सहा जण दचकायचे. दोन पोरं तर त्याच्या जागी बर्फाच्या लाद्या उतरवायला गेली, म्हणजे त्याला लिहायला वेळ मिळेल. तासाभरात परत आली ती लालभडक हात काखेत धरून. "आपल्या ठेवी फार थंड जागी आहेत," एवढंच म्हणाली.

छत्री त्याला शिकवायला बसली. पण हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. "यानं सगळं फेडलं तरी माझं व्याज सुटेल, आणि फार तर आणखी एकाचं," ती हळूच सरांना म्हणाली. "वर्ग चाळीस जणांचा आहे."

"माहीत आहे," सर म्हणाले.

"आधी का नाही माहीत झालं?"

सरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

प्राचार्यबाईंचं बोलावणं आलंच.

"जिन्यात रांग कसली होती, सर?"

सरांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पैलवानानं लिहायचं आणि गुण छत्रीला?"

"बँकेत असंच असतं, बाई."

"आणि तुम्ही काय लिहिता?"

"मी… व्यवस्थापन बघतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग एखादी मोलकरीण टेबलावरची धूळ पुसून टाकते तितक्या सहज म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. सगळ्यांना तीस देऊन टाका. मुलं खूश, रांग बंद, निकाल शंभर टक्के. कागदांचं ऑफिसात मी बघते. महिनाअखेर तुमचं पत्र काढते."

"सगळ्यांना तीस म्हणजे, बाई…"

"म्हणजे तीस."

सरांच्या जिभेवर आलं होतं, की मागच्याच आठवड्यात मी याच मुलांना शिकवलं, नोटा नुसत्या छापत सुटलं तर नोटेचा कागद होतो. पण पत्र या शब्दानं ते वाक्य तिथेच अडवलं. कोरं गुणपत्रक पिशवीत घालून ते घरी आले.

बायको गोळ्यांची पाकिटं लावत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मग द्या ना. कुणाचं काय जातंय?"

"कुणाचंच काही जात नाही. तिथंच तर पंचाईत आहे."

तिनं एक पाकीट फळीवर सरकवलं. मग पाकिटांकडे बघतच म्हणाली, "त्या स्वयंपाकघराचं दार लागतं हो नीट. मी लावून बघितलं."

यावर नवऱ्यानं काय बोलावं? ज्यांचा संसार झालाय त्यांनी सांगावं.

सकाळी सर कॉलेज उघडायच्या वेळीच पोचले. मनाशी ठरलं होतं: मुलं यायच्या आत वर्गात बसायचं, ओळीनं चाळीस वेळा तीस लिहायचं आणि मोकळं व्हायचं. दार ढकललं, तर आत पैलवान. कारखान्यातून तसाच आलेला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि कागद भिजू नये म्हणून हात लांब धरून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत बसलेला.

"अरे, इतक्या सकाळी?"

"हप्ता, सर." तो उठून उभा राहिला. "जरा वाचता का? छत्री म्हणते, मी मुद्दल आणि व्याज अजून एकच समजतो."

सरांनी कागद घेतला. कोपरा ओला होता. प्रश्न होता, कर्ज घेण्यापूर्वी काय विचार करावा. पैलवानानं लिहिलं होतं: "आपण फेडू शकतो का ते बघावं. देणाऱ्याकडे द्यायला आहे का तेही बघावं. मी बघितलं नाही. देणाऱ्यानंही बघितलं नाही."

सरांना हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. सगळ्यांना तीस म्हणजे या कागदालाही तीस, आणि न लिहिलेल्या कागदालाही तीस. काल 'कुणाचं काय जातंय' या प्रश्नाला उत्तर सापडलं नव्हतं. ते इथे ओल्या बाह्यांनी उभं होतं. सरांनी गुणपत्रक पिशवीतून काढलंच नाही.

"बरोबर आहे का, सर?"

"फार बरोबर आहे, बाबा. बस, पुरं कर."

दुपारी वर्ग भरला. सर म्हणाले, "बँक बुडाली. ज्याचे कागद, त्याचे गुण. ज्याचे कागद दुसऱ्याच्या नावे गेले होते ते परत येतील. व्याज नाही. चूक माझी."

मंडळी, नीट बघा: कुणाचाही एक गुण गेला नव्हता. ज्यानं जेवढं लिहिलं तेवढं त्याच्या पदरात होतंच. पण असा आकांत उठला की जणू घरादारावरून नांगर फिरला.

"सर, माझे सदतीस होते!"

"तुझे बावीसच होते."

"काल सदतीस होते! काल मी घरी सांगितलं!"

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, सर!"

"दूध पाजलं आम्ही त्या पैलवानाला, दूध! ते कोण परत देणार?"

सर खाली मान घालून उभे राहिले. छत्रीनं तेवढी आपली छत्री उघडून बघितली, मिटली आणि पुन्हा काखेत ठेवली.

सत्र संपलं, परीक्षा आली. पेपर बाहेरून काढलेला, तपासणारेही बाहेरचे, एक वयस्क गृहस्थ. सगळ्यात मोठा प्रश्न असा: बँक का बुडते, ते उदाहरणासह स्पष्ट करा. आणि हो, चाळीसच्या चाळीस मुलांनी तो सोडवला. काय लिहिलं म्हणता! ठेवी, व्याज, एकाच कर्जदारावर भार, अफवा, रांग, 'भक्कम आहे' हे वाक्य, काही सुटलं नव्हतं. एकेका शब्दातून वाफ निघत होती. रागानं लिहिलेलं उत्तर कसं असतं ते तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं. त्यांनी सढळ हातानं गुण दिले, कॉलेजच्या इतिहासात लागला नव्हता असा निकाल लागला, आणि सोबत त्यांनी एक चिठ्ठी पाठवली: "सर्व विद्यार्थ्यांनी एकाच बुडीत बँकेचा दाखला दिला आहे, चालकाच्या नावासकट. हा इसम अजून मोकळा आहे काय?"

प्राचार्यबाईंनी ती चिठ्ठी सरांपुढे सरकवली.

"निकाल उत्तम आहे, सर. आणि तो तुमच्यामुळेच लागला, याचे चाळीस पुरावे माझ्याकडे आहेत."

"मग, बाई…"

"मग त्याच चाळीस पुराव्यांत लिहिलंय की तुमच्या हातात काही ठेवू नये. कायम कसं करू, तुम्हीच सांगा. सांगितलं होतं तेव्हा ऐकलं असतंत तर आज घराची किल्ली दिली असती." मग जरा नरमून म्हणाल्या, "आणखी एक वर्ष हंगामी राहा. हाच विषय घ्या. पुढच्या वर्षासाठी मुलांनी आत्तापासून चौकशा सुरू केल्यात, बँक परत निघणार का म्हणून."

बायकोनं ऐकलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले आणि मागे येऊन कांदा चिरायला बसली. अर्धा कांदा चिरून झाला. मग ती म्हणाली, "त्या पोराची फी माफ राहिली का हो?"

"राहिली. स्वतःच्या कागदांवर पास झाला."

"मग झालं तर," असं म्हणून तिनं डोळे पुसले. गिऱ्हाईक बाहेरून म्हणालं, "काय झालं, ताई?" ती म्हणाली, "कांदा." या वेळी ते खरं होतं की नाही हे सरांनी विचारलं नाही.

सुट्टी लागली. कॉलेज सामसूम. सर कपाटातली पुस्तकं आवरत होते, तेवढ्यात पैलवान आला. हातात कागदांचा जुडगा.

"सर, हे राहिलेले."

"राहिलेले कसले? अरे, बँक बुडाली ना. कर्ज कुणाचं कुणाला राहिलंच नाही."

"बँक बुडाली, सर. मी कुठे बुडालो? घेतले होते, वेळेला उपयोगी पडले होते."

"आता हे मी जमा कुठे करू, बाबा?"

"ते तुम्ही बघा. माझी शिफ्ट आहे." जुडगा टेबलावर ठेवून तो गेलासुद्धा.

सर खुर्चीत बसले. लाल पेन काढलं. त्या गुणांना कुठला रकाना नव्हता, त्यांची कुठे नोंद होणार नव्हती, कुणी ते मागायलाही येणार नव्हतं. तरी सरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक कागद वाचला, चुका दुरुस्त केल्या आणि प्रत्येकावर दोनपैकी गुण दिले. एकाला मात्र दीडच दिला. तिथे मुद्दल आणि व्याज पुन्हा एकच झालं होतं.

चला, आता उठायला हरकत नाही. फक्त उठण्याआधी एक मागणं आहे. हात जोडाल तेव्हा आधी स्वतःच्या मुलाबाळांसाठी मागा, घरादारासाठी मागा, त्यात काही वावगं नाही. पण मागून झालं की क्षणभर त्या पैलवानाला आठवा. कुणीही मागत नसताना ओल्या बाह्यांनी फेडत बसलेला असेल कुठेतरी. देवा, त्याला जरा झोप दे, म्हणा. एवढं कराल ना?